हडळीच्या केसांतली पांढरी बट

लायडन,
२४ जानेवारी २०२१

वसू,

सुनेत्राताईचे आशीर्वाद. लागत असतील तर घे, नसतील तर ठेव बाजूला, नासत नाहीत ते.

आम्ही सगळे धडधाकट आहोत. कालपासून इथे रात्री नऊनंतर संचारबंदी लागली. डच लोकांच्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. म्हणे महायुद्धानंतर असं पहिल्यांदाच. मी स्नेहलला म्हटलं, अगं आम्ही आणीबाणीत एकवीस महिने तोंडाला कुलूप लावून बसलो होतो, आणि ह्यांना नऊनंतर सायकल फिरवता येत नाही म्हणून गळा काढायचाय. सूनबाई हसली नाही. तिची मीटिंग चालू होती. प्रणव मात्र रोज सायन्स पार्कातल्या लॅबमध्ये जातो, कारण त्याचे उंदीर लॅपटॉपवर येत नाहीत. सुरुची बारा वर्षांची झाली. मी मराठीत ओरडते, ती डचमध्ये उलट बोलते, आणि दोघींना सगळं समजतं.

हाताने लिहितेय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की आधी तुझी सून वाचते आणि मग स्वतःची फोडणी घालून तुला सांगते. पत्राला तीन आठवडे लागतील. लागू देत. आपल्याला कुठे घाई आहे? पंचेचाळीस वर्षं थांबलोच ना.

आता मुद्द्याचं. सुरुचीच्या शाळेने पोरांना 'घरातली सगळ्यात जुनी वस्तू' स्क्रीनवर दाखवायला सांगितली होती. कार्टीने माझी बॅग उपसली. पैठणीखाली प्लास्टिकच्या फाइलमध्ये एक पान होतं, ते तिने वर्गाला दाखवलं. कुठलं पान ते तुला सांगायला नको. बाई किंचाळल्या म्हणे. मग त्या बाईंच्या ओळखीचा कोणी युरून नावाचा माणूस, इथल्या विद्यापीठातला, मागेच लागला. कानात डूल आहे, पण बोलायला गोड. ज्या ज्या देशांत हुकूमशाही होती, तिथल्या भुताखेतांच्या चित्रकथांवर तो पुस्तक लिहितोय. सरकारबद्दल जे उघड बोलता येत नाही ते लोक भुतांच्या तोंडून कसं बोलले, असं काहीतरी. पाच देशांची भुतं त्याने जमवलीत. सहावी आपली.

मी त्याला आपली चित्रकथा 'मसणपूर' सांगितली. स्क्रीनवर बसून, तब्बल दोन तास. राजा मरून सहा महिने झालेत पण हे त्याला सांगायची कोणाची छाती नाही, म्हणून तोच राज्य करतोय. दरबारी नाकात मोगऱ्याच्या कळ्या खुपसून मुजरा करतात. ज्याने नाक धरलं तो जिवंत पुरला जातो. रडायला परवाना लागतो. मेलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि सगळ्या तिरड्या अगदी घड्याळाच्या काट्यावर निघतात. तिरड्यांवर तो इतका हसला की त्याची कॉफी सांडली. म्हणाला, हे सेन्सॉरने पास कसं केलं? मी म्हटलं, बाबा, कोल्हापुरात भुतं म्हणजे पोरांची करमणूक. सेन्सॉरचा कारकून शिक्का मारता मारता म्हणायचा, पुढच्या अंकात आणखी रक्त टाका.

मधूचं कौतुकही केलं हं मी, नाहीतर तू म्हणशील ताईने जीभ आवरली. तू 'हे' म्हणतेस, मी मधूच म्हणणार. छापखान्यात सहा वर्षं समोरासमोर टेबलं होती आमची. चित्रं त्याची, गोष्ट त्याची. मी फक्त फुग्यांतली अक्षरं लिहायचे.

तर आता अडचण अशी. हे पान सातव्या अंकातलं, ज्यात हडळ येते. राजाची कारभारीण. लोकांच्या जिभा कापते आणि पापडांसारख्या दोरीवर वाळत घालते. तोंडभर देवीचे व्रण, उलटे पाय, आणि काळ्या केसांत एक पांढरी बट. त्या वेळी तशी बट देशात कोणाच्या केसांत होती ते शेंबडं पोरही सांगत होतं. त्या एका बटेपायी मधू अकरा महिने आत गेला, उजव्या हाताची दोन बोटं निकामी करून घेऊन आला, आणि पुढे हार घालून मिरवला गेला. युरून म्हणतो, ही हडळ पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घ्यायची.

पण त्याने पान कुठल्याशा यंत्राखाली धरून बारकाईने तपासलं. म्हणतो, सगळं चित्र काळ्या शाईचं आहे, बट तेवढी नंतर वरून पांढऱ्या रंगाने ओढलेली आहे. चित्रकार पांढरा वापरत होता का?

आता मधू काय म्हणायचा ते तुलाही पाठ आहे. 'पांढरा रंग चुकणाऱ्यांसाठी असतो.' त्याच्या टेबलावर पांढऱ्याची बाटली कधी नव्हती.

पुस्तक एक जुलैला छपाईला जाणार. त्याआधी युरूनला सांगायचंय, बट कोणी काढली. मधूला विचार आणि कळव.

सुनेत्राताई

---

लायडन,
२२ मार्च २०२१

वसू,

तुझं पत्र मिळालं. तब्येती बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. मधूला बाजारात जाऊ देऊ नकोस, इथल्या बातम्यांत आपल्याकडचे आकडे दाखवतात ते चांगले नाहीत. मला लस मिळणार आहे, हाउसआर्टस् म्हणजे आपला घरचा डॉक्टर, त्याच्याकडून पत्र आलंय.

मधूने तुला लिहून घ्यायला लावलेला मजकूर मी दोनदा वाचला. 'त्या क्षणी माझ्या अंतर्मनाने कौल दिला. मी ब्रश उचलला आणि अन्यायाच्या कपाळावर ती बट ओढली.' वा! अंतर्मनाने! दर पंचवीस जूनला शाल पांघरून तो हेच भाषण ठोकतो ना? कपाळावर म्हणे. बट कपाळावर असते का गं? ती कानाच्या वर आहे, डाव्या बाजूला. ज्याने काढली त्याला एवढं आठवलं असतं.

वसू, बट मी काढली.

हे तुला माहीत नव्हतं असं मी धरून चालतेय. मग सगळंच ऐक. सत्तर साली मधू मला बघायला आला होता, तुला नाही. चहा झाला, आई-अण्णांनी घराणं विचारलं, आणि हा म्हणाला, मी कलावंत माणूस, मुलीचं अक्षर दाखवा. मी पाटावर बसून एक ओळ लिहून दिली. कागद त्याने उजेडात धरला आणि त्याचा चेहरा फुलला. त्या फुललेल्या चेहऱ्यावर मी चार दिवस जगले. पाचव्या दिवशी मध्यस्थ निरोप घेऊन आला. अक्षर पसंत आहे, मुलगी नाही. धाकटी मोकळी असेल तर विचार करू.

तू मोकळी होतीस. तुझं तोंड गुळगुळीत होतं. मला देवी आल्या तेव्हा आईने तुला आजोळी पाठवलं होतं, म्हणून.

लग्नात मी तुझ्या पाठीशी उभी राहिले, करवली म्हणून. त्यानंतर दोन महिन्यांनी तुझा नवरा घरी येऊन म्हणाला, ताई, एवढं सुंदर अक्षर वाया कशाला घालवता, छापखान्यात या. आणि मी गेले! लाज नाही वाटली मला. सहा वर्षं त्याच्या भुतांना बोलायला शिकवलं. माझी अक्षरं काढून टाक आणि मग बघ मसणपूर, नुसती मुकी मढी राहतील.

सातव्या अंकाची पानं माझ्या टेबलावर आली तेव्हा मी तीस वर्षांची होते. हडळीचा चेहरा बघितला. आरशात बघतेय असं वाटलं. डाव्या गालावरचे तीन जुळलेले व्रण, भुवईतली तुटकी फट, खालचा ओठ. एकूण एक खड्डा त्याने मोजून काढला होता. सहा वर्षं समोर बसून हेच बघत होता म्हणजे. छापखान्यातली पोरं माझ्याकडे बघून खाली मान घालून हसत होती. मी विचारलं, हे काय मधू? तर म्हणतो, 'मॉडेल फुकट मिळालं ताई, रागावू नका, पुढच्या अंकात मरतेच आहे ती.' तूसुद्धा घरी हसली होतीस. 'ताई, तुला अमर केलं गं ह्यांनी.' आठवतं का? मला आठवतं.

आपलं काम कसं चालायचं तेही तुला माहीत आहे. पूर्ण झालेली पानं सेन्सॉरकडे जायची, पाठीवर शिक्का बसून परत यायची, आणि छपाईचे ब्लॉक करायला जाण्यापूर्वी शेवटची नजर माझी. शाई पसरली असेल, वेलांटी तुटली असेल, तर मी पांढऱ्याने पुसून नीट करायचे. शिक्क्यानंतर पानाला हात लावणारी मी एकटी. त्या दिवशी मी बाटलीत ब्रश बुडवला आणि हडळीच्या केसांतून एकदाच ओढला. एवढंच. माझा चेहरा जाऊन तिथे देशातला सगळ्यात धोक्याचा चेहरा आला. मला वाटलं, लोक आता मला हसणार नाहीत, तिला हसतील. थट्टा होती गं ती. मला कुठे ठाऊक होतं, पोलीस येतील म्हणून?

तेव्हा मधूला सांग, अंतर्मन वगैरे पुरे. त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं तर मी युरूनला असं सांगेन की दोघांनी मिळून केलं. मोठ्या मनाने सांगेन. एवढं मी त्याच्या बोटांचं देणं लागते. पण नुसतं त्याचं नाव त्या बटेखाली मी जाऊ देणार नाही. पंच्याहत्तर वर्षांची झाले, आता माझ्याच चेहऱ्यावर दुसऱ्याची सही नको.

उत्तर लवकर दे.

ताई

---

लायडन,
१४ जून २०२१

वसू,

सांत्वनाचे शब्द फोनवर बोलले तेवढे पुरे झाले. मधूच्या तेराव्याला मी प्रणवच्या लॅपटॉपसमोर साडी नेसून बसले होते. तुमचं नेट अडकत होतं, भटजी मध्येच थिजायचे. तुझ्या कपाळाकडे बघवेना. मी रडले, ते खोटं नव्हतं. दवाखान्यात खाट मिळवायला तुझा मुलगा दोन दिवस फिरला हे ऐकून तर मी जेवलेच नाही. कसा का असेना, माणूस तसा जायला नको होता. ऑक्सिजनविना.

मग परवा तुझं पत्र आलं. तो गेल्यावर तीन आठवड्यांनी लिहिलेलं. स्वतःच्या हाताने, हे बरं केलंस.

तू लिहितेस, 'ताई, तुझं पत्र मी यांना आजारी पडण्याआधी वाचून दाखवलं. हे हसले. म्हणाले, छापलेला अंक बघताच मला कळलं होतं, ब्रश माझा नाही. चौकीवर पहिल्याच संध्याकाळी मी फौजदाराला सांगून टाकलं, हे माझ्या मेव्हणीचं काम, तिला धरा. त्याने मानलं नाही. म्हणाला, फुग्यात अक्षरं भरणाऱ्या बाईला एवढी अक्कल? बायकोच्या बहिणीच्या पदराआड लपतोस होय रे? आणि त्यासाठीच माझी बोटं मोडली. हे सगळं मला यांनी सत्त्याहत्तरमध्ये सुटून आल्यावरच सांगितलं होतं. आता ते नाहीत ताई. पुस्तकात त्यांचं एकट्याचं नाव येऊ दे. माझी एवढी शेवटची मागणी.'

सत्त्याहत्तर साली.

म्हणजे तुला चव्वेचाळीस वर्षं माहीत होतं. मी तुमच्या घरी येऊन त्याला घास भरवत होते, त्याला हातात घास धरता येत नव्हता तेव्हा, आणि तू दारात उभी राहून बघत होतीस. तेव्हाही माहीत होतं. त्याला चित्र काढता येईना म्हणून त्याने पाट्या रंगवायचं दुकान काढलं, आणि चौदा वर्षं प्रत्येक पाटी मी रंगवली. माझं लग्न झालं, प्रणव झाला, त्याला पाळण्यात टाकून मी शिडीवर चढायचे. 'भोसले क्लॉथ स्टोअर्स', 'शुद्ध तुपाची मिठाई'. आणि खाली कोपऱ्यात 'पेंटर मधू'. माझे यजमान एकदा म्हणाले, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचं तू काय खाल्लं आहेस एवढं? मला वाटायचं, मी त्याचा हात खाल्लाय. आणि तुम्ही दोघं आत बसून चहा पीत होतात! 'ताई आपणहून करतात, करू दे,' असं म्हणाली असशील. म्हणालीसच.

आणि भाषणं! 'त्यांनी बोटं मोडली, पण मी एकही नाव घेतलं नाही.' मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात त्याला. पहिल्या संध्याकाळी नाव सांगून मोकळा झालेला माणूस! मला धरून नेलं असतं तर तुम्हाला चाललं असतं. फौजदाराने मला मूर्ख ठरवलं म्हणून मी वाचले.

खरं सांगू, रागाहून जास्त मला कसलं वाईट वाटलं? फौजदाराने विश्वासच ठेवला नाही ह्याचं. अख्ख्या कोल्हापुरात मी एकच गोष्ट अशी केली होती की जिने सरकार हललं, आणि मधूने माझं नाव घेऊनही ती मला मिळाली नाही.

तेव्हा आता राहिलेलंही सांगते, मागच्या पत्रात गिळलेलं. थट्टा नव्हती ती. बट ओढली तेव्हा मला पोलीस नीट ठाऊक होते. अंक बाजारात येऊन आठ दिवस झाले तरी कोणाच्या लक्षात येईना. लोक भुतं बघत होते, जिभा बघत होते, केस कोण बघतंय! मग मी एक प्रत घेतली, हडळीच्या डोक्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला, पाकिटात घातली, आणि जिल्ह्याच्या पोलीस साहेबांच्या नावाने पोस्टात टाकली. पाकिटावरचं अक्षर डाव्या हाताने काढलं. माझं खरं अक्षर पसंत पडण्याची भीती होती ना.

मी त्याला पकडून दिलं, वसू. तू विधवा होशील असं तेव्हा मनात नव्हतं. पण तू रडावंस हे मनात होतं. तू रडलीस. पुढे तू ते वसूल केलंस, चौदा वर्षं शिडीवर चढवून. हिशेब कोणाचा पुढे निघतो ते आता देवाला विचार, मी थकले.

काल युरूनशी बोलले. माणूस आपला वहीपेन घेऊन बसला होता. मी सांगितलं, बट माझी. सेन्सॉरचा शिक्का बसल्यावर, पान ब्लॉकला जायच्या आधी, एकटीने काढली. चित्रकाराला काही कल्पना नव्हती. तो म्हणाला, भीती नाही वाटली? मी म्हटलं, वाटली, पण कोणीतरी करायलाच हवं होतं. हे वाक्य मी मधूच्याच भाषणातून उचललं. पोरगा चष्मा काढून डोळे पुसायला लागला. स्नेहल जिन्यात उभी होती, तिने खाली येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, लग्नानंतर पहिल्यांदाच. सुरुची मराठीत म्हणाली, आजी, तू हीरो आहेस. मराठीत, बरं का. मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

शेवटी त्याने विचारलं, हा चेहरा कोणावरून घेतला असेल? इतका खरा वाटतो.

मी म्हटलं, कोणाचाच नाही. हुकूमशाहीचा आहे.

त्याने ते लिहून घेतलं. मुखपृष्ठावर तो चेहरा, आत माझं पूर्ण नाव, आणि मधूचं नाव 'चित्रे' ह्या एका शब्दापुढे. पुस्तक सहा देशांत जाणार आहे म्हणे.

तू हे पत्र कोणाला दाखवू शकतेस. दाखव ना. ह्यात माझा गुन्हा माझ्याच अक्षरात आहे. फक्त त्याच दिवशी मी तुझं पत्र दाखवीन, ज्यात तुझ्या नवऱ्याने पहिल्या संध्याकाळी माझं नाव घेतलं ते तुझ्या अक्षरात आहे. मग ना माझी बट उरेल, ना त्याची शाल. तुझ्या दिवाणखान्यात त्याचा हार घातलेला फोटो आहे, मंत्र्याच्या बाजूला उभा असलेला. तो तिथेच राहू दे. रोज पूस. कोणी आलं की सांग, ह्यांनी एकही नाव घेतलं नाही. मी इथे पाहुण्यांना सांगेन, कोणीतरी करायलाच हवं होतं. आपण दोघी खोटं बोलणार आणि दोघींना माहीत असणार, बस्स.

तब्येतीला जप. लस घे. तू माझ्या आधी जाऊ नकोस. तू गेलीस तर मी काय केलं हे जाणणारं कोणी उरणार नाही, आणि मग माझाच त्या युरूनच्या पुस्तकावर विश्वास बसेल.

तुझी एकुलती एक बहीण,
सुनेत्रा